जप्त आठ कॅन जिवंत असल्याबाबत

दि. ९ मार्च, शनिवार, सकाळचे सहा वाजून बावन्न मिनिटे. त्या वेळी मी बसथांब्यावरून घरी येऊन आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी बूट हातात घेऊन उभा होतो. बूट हातात घेण्याचे कारण, पायऱ्यांच्या कडा दिसत नव्हत्या. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत चार बोटे उंचीचा फिकट निळा फेस होता आणि तो हळूहळू खाली येत होता. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होते. आवाज अजिबात नव्हता. फेस कुठून आला हे मला पाहताक्षणी समजले.

मी, नाव ठाण्याच्या नोंदवहीत घेतले आहे तेच, वय चोवीस वर्षे, शिक्षण नववी पास व दहावीस दोनदा बसलो, धंदा कापड रंगवण्याच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात ऑपरेटर (कारखाना दि. २ जानेवारीपासून बंद), राहणार नोंदवहीतील पत्त्यावर तिसरा मजला, थोरल्या बहिणीसोबत, आज ठाण्यात समक्ष हजर असून खालील मजकूर स्वखुशीने लिहून देत आहे. जबाब हवालदार लिहून घेणार होते. परंतु चौथ्या ओळीत त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "तुझे शब्द माझ्या हाताला येत नाहीत, तूच लिही." उपनिरीक्षक मॅडमनी परवानगी दिली. खाडाखोड चालणार नाही असे त्यांनी बजावले आहे.

प्रथम एक गोष्ट नमूद करतो. माझ्या खोलीतील दोन हवेचे पंप आज सकाळी सात वाजून चौदा मिनिटांनी बंद करण्यात आले. ड्रममधील गाळ वीस लिटरच्या आठ कॅनमध्ये भरून, झाकणे घट्ट लावून, ठाण्यात आणण्यात आला. हे लिहीत असताना भिंतीवरील घड्याळात दहा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. म्हणजे दोन तास एक्कावन्न मिनिटे त्या गाळाला हवा नाही. तो जिवंत आहे. हवेशिवाय तो सहा तास तग धरतो, नंतर सडतो. त्यामुळे मी भराभर लिहिण्याचा प्रयत्न करतो.

गाळ म्हणजे काय हे मॅडमनी विचारले म्हणून सांगतो. कारखान्यातून रोज रंगाचे पाणी बाहेर पडे. सोमवारी निळे, मंगळवारी बहुधा लाल, सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळे मिसळून शेवाळी. ते एका मोठ्या टाकीत येई. त्या टाकीत तपकिरी गाळ असतो आणि खालून सतत हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. गाळ म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, चमचाभर पाण्यात कोट्यवधी. पाण्यातील घाण आणि रंग हे त्यांचे खाणे. त्याच टाकीत पांढऱ्या दोऱ्यांचे पडदे टांगलेले असतात. प्रत्येक दोरा आतून पोकळ असतो व त्याच्या अंगावरची भोके इतकी बारीक असतात की पाणी आत शिरते, जीव शिरत नाहीत. पंपाने दोऱ्यांतून पाणी ओढून घेतले की ते काचेसारखे स्वच्छ बाहेर पडते. जीव मागे टाकीत राहतात आणि पुढची घाण खातात. याला मेंब्रेनचे संयंत्र म्हणतात. माझे काम टाकीवर लक्ष ठेवणे, दर दोन तासांनी आकडे वहीत लिहिणे आणि पडदे धुणे.

हे काम मला नानांनी शिकवले. नाना म्हणजे त्या विभागाचे जुने ऑपरेटर, वय एकोणसत्तर. हा गाळ त्यांनी अकरा वर्षांपूर्वी शेणाच्या पाण्यापासून वाढवला आहे. आमच्या कारखान्यातला निळा रंग सहसा कोणत्याही गाळाला पचत नाही. या गाळाला तो पचायला चौदा महिने लागले, असे नाना सांगत. मी कामाला लागलो तेव्हा त्यांनी मला आकडे शिकवण्याआधी वास शिकवला. बरा गाळ बंद तळघरातल्या ओल्या मातीसारखा लागतो. आजारी गाळ आंबूस लागतो. मेलेला गाळ कसा लागतो ते सांगायची गरज पडत नाही. माझे अक्षर आणि आकड्यांच्या रांगा पाहून ते मला 'वहीवाले' म्हणत. "वहीवाले, आकडा काय म्हणतो ते नंतर, आधी नाक काय म्हणतंय?" हे ते रोज विचारत. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. तेव्हापासून ते गावी मुलीकडे राहतात.

(वेळ दहा वाजून बत्तीस मिनिटे. दुसरे पान पुन्हा लिहिले, कारण 'संयंत्र' या शब्दावर अनुस्वार पुसट उमटला होता म्हणून मी तो गिरवला आणि ती खाडाखोड झाली. यात अकरा मिनिटे गेली.)

कारखाना दोन मालक भावांच्या वाटणीवरून बंद पडला. दि. १९ जानेवारीस विजेचे कनेक्शन तोडण्यात येणार असल्याचा कागद फाटकावर लागला. वीज गेली की हवा गेली आणि हवा गेली की टाकी गेली. मी व्यवस्थापकांना दोनदा फोन केला. ते म्हणाले, "अरे, माणसांचे पगार थकलेत आणि तू चिखलाचं काय घेऊन बसलास?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी नानांना फोन केला. त्यांनी आधी टाकीचा वास कसा आहे ते विचारले. मग म्हणाले, "दुधाचं पातेलं नासलं तर नासू दे. विरजण तेवढं वाचव."

त्यावरून दि. १९ जानेवारी रोजी दुपारी दोन ते सायंकाळी साडेसहा या वेळेत मी सायकलवरून दहा फेऱ्या करून दहा कॅन गाळ, अंदाजे एकशे नव्वद लिटर, घरी आणला. फाटकावरील पहारेकऱ्याने विचारले तेव्हा त्याला कॅन उघडून दाखवला. तो म्हणाला, "हे चोरणारा पहिलाच भेटला," आणि त्याने फाटक उघडले. सोबत टाकून दिलेल्या जुन्या पडद्यातील हातभर लांबीची दोऱ्यांची एक जुडी आणि शुद्ध पाण्याच्या हौदातील एक नारिंगी मासा आणला. हौदात मासे ठेवण्याची पद्धत आहे. पाणी बिघडले तर यंत्राआधी मासे सांगतात. वीज गेल्यावर चार दिवसांनी मी कुंपणावरून टाकी पाहिली. ती काळी पडली होती. वास रस्त्यापर्यंत येत होता. मी फार वेळ थांबलो नाही.

मॅडमनी विचारले की हा गाळ कंपनीचा माल आहे, तर याची किंमत किती. याचे उत्तर असे, की जादा झालेला गाळ उचलून नेण्यासाठी कंपनीच ट्रकवाल्याला फेरीमागे पैसे देत असे. त्यामुळे किंमत शून्याच्या खाली भरते. हे ऐकून हवालदार म्हणाले की चोरीच्या कलमात उणे किंमत कुठे लिहायची ते त्यांना माहीत नाही. निळ्या रंगाची पुडी मात्र, वजन अंदाजे दोनशे ग्रॅम, कंपनीची आहे व तिला किंमत आहे. माझी बहीण त्याच कारखान्यात रंगखात्यात होती. ती पुडी तिच्या कामाच्या कोटाच्या खिशात राहिली होती. ती मी काढून घेतली. बहिणीने दिलेली नाही. कृपया हे असेच नोंदवावे.

पुडीचे कारण असे. गाळाला नुसती साखर खायला घातली तर तो रंग खाणे विसरतो. सवय मोडू नये म्हणून मी रोज सकाळी दीडशे ग्रॅम साखर, चिमूटभर युरिया आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा निळा रंग देत होतो. सकाळी साडेपाचला ड्रममधले पाणी निळे दिसे. दुपारी हिरवट. संध्याकाळी ताई कामावर जाण्याच्या वेळेला पुन्हा तपकिरी. दोऱ्यांच्या जुडीतून थेंबथेंब पाणी खिडकीतल्या बरणीत पडे आणि बरणीत मासा असे. त्या पाण्यात निळा अंश मला एकदाही दिसला नाही. एकोणपन्नास दिवसांची नोंद वहीत आहे. वही, दोन्ही पंप व माशाची बरणी जप्त होऊन ठाण्यात आहेत.

मॅडमनी सर्व लिही असे सांगितले आहे म्हणून पुढील गोष्टही लिहितो, तिचा गुन्ह्याशी संबंध आहे की नाही हे मला कळत नाही. खोली एकच असल्याने ड्रम माझ्या अंथरुणाच्या उशाशी होता. बुडबुड्यांचा आवाज दिवसरात्र चाले. पहिले दोन दिवस झोप आली नाही. नंतर तो आवाज नसला तर जाग येऊ लागली. त्या आवाजात मला वरचेवर एकच स्वप्न पडे. मी मोठ्या टाकीच्या तळाशी चालत आहे. पाण्यात आहे, परंतु श्वासाचा त्रास नाही. दोन्ही बाजूंना पांढरे पडदे वर उजेडापर्यंत गेलेले आहेत आणि ते हलत आहेत. संयंत्रातल्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळात देठावर उभे असलेले घंटेच्या आकाराचे जीव दिसतात. धक्का लागला की ते झटकन मिटतात, थोड्या वेळाने पुन्हा उघडतात. स्वप्नात ते माझ्या उंचीचे असत. मी जवळून गेलो तरी मिटत नसत. एवढेच स्वप्न आहे. ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडे पाहुणे कमी होते का, म्हणून तू कोट्यवधी आणून ठेवलेस?" पण थंडी पडली त्या आठवड्यात तिनेच आपली शाल ड्रमला गुंडाळली. ती आता एका रुग्णालयाच्या धुलाईघरात रात्रपाळीला जाते.

दि. २ मार्च रोजी व्यवस्थापकांचा फोन आला. धाकट्या मालकांनी कारखाना घेतला असून एप्रिलअखेरीस चालू करायचा आहे. परंतु पाणी शुद्ध होऊन बाहेर पडल्याशिवाय रंगखाते उघडण्यास मंजुरी नाही. बाहेरून नवा गाळ आणला तर त्याला आमचा रंग पचायला वर्ष जाईल. तोवर रंगखात्यातील साठ माणसे कशाला बोलवायची, असे मालकांचे म्हणणे होते. त्या साठांत ताई आहे. मी सांगितले की जुना गाळ माझ्याकडे आहे, आधी छोट्या टाकीत, मग मोठ्या, असा वाढवत नेला तर सहा आठवड्यांत पुरेल. व्यवस्थापकांनी विचारले, कुठे आहे. मी म्हणालो, माझ्या उशाशी. त्यांनी "उशाशी?" असे दोनदा विचारले. मग म्हणाले, "बरं. सांभाळ." सोमवारी, म्हणजे परवा, ते छोटी टाकी व वीज देणार आहेत.

आता चूक सांगतो. ती पूर्णपणे माझी आहे.

मोठ्या टाकीत घालण्याआधी गाळ नानांना दाखवावा असे माझ्या मनात आले. दाखवावा म्हणजे हुंगायला द्यावा. गाव बसने सहा तासांवर आहे. काल शुक्रवारी सकाळी निघून आज सकाळी परत, असा बेत होता. म्हणजे आजचे खाणे चुकणार होते. ताईला माप सांगता आले असते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. परंतु मला दुसऱ्याच्या हाती माप द्यायला भीती वाटते. म्हणून मी काल पहाटे दोन दिवसांची साखर एकदम घातली. रंगही दोन दिवसांचा. आणि निघताना दारातून परत येऊन वर आणखी एक मूठ साखर घातली. का घातली ते मला सांगता येत नाही. नानांचा नियम मला तोंडपाठ होता, की उपाशी ठेवलेला गाळ वाचतो, लाडावलेला वाचत नाही. त्यानंतर मी नमुन्याची बाटली, हवेला जागा ठेवून, अर्धी भरली आणि निघालो.

दुपारी पावणेतीन वाजता मी नानांपुढे बसलो होतो. ते अंगणात खुर्चीवर होते. मी बाटलीचे झाकण काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी थोडा गाळ तळहातावर घेतला, दोन बोटांत चोळला, नाकापाशी नेला आणि तसेच बसून राहिले. त्यांची मुलगी दारात येऊन उभी राहिली व पुन्हा आत गेली. उन्हाची तिरीप त्यांच्या पायावरून खुर्चीच्या पायापर्यंत सरकली.

मग ते म्हणाले, "आहे. तोच आहे." मुलीला हाक मारून त्यांनी पाणी मागितले, पण हात धुतला नाही, पाणी प्यायले. थोड्या वेळाने पुन्हा हुंगले आणि हसले. म्हणाले, "वहीवाले, आज यांचा वाढदिवस होता का?"

मला समजले नाही.

"गोड लागतंय. किती घातलीस?"

मी खरे सांगितले. मूठ सुद्धा सांगितली. नाना रागावले नाहीत. ते म्हणाले, "आता ते फुगतील. जा परत. मला भेटून झालंय."

मी तीन वाजून दहा मिनिटांनी ताईला फोन केला. ती म्हणाली, "बाळाला ढेकर येतायत तुझ्या. काठापर्यंत फेस आलाय, मी वाडग्याने काढतेय." मी साबण लावू नको, तेल घालू नको असे सांगितले, कारण तेलाने दोऱ्यांची भोके बुजतात. तिने रात्री आठपर्यंत फेस काढला, मग ड्रमवर ओली चादर बांधून ती पाळीला गेली. तिला रजा मिळणे शक्य नव्हते. मला थेट बस रात्री साडेदहापर्यंत नव्हती. वाटेत ती दीड तास थांबली व नंतरही सावकाश चालली. मी खिडकीपाशी बसून हिशेब करत होतो की किती साखर, किती फेस. हिशेब जिन्यापर्यंत येऊन थांबत होता. तसेच झाले.

तळमजल्यावर घरमालकीण राहतात. त्यांनी सहा वाजून वीस मिनिटांनी ठाण्यात फोन करून वरच्या मजल्यावर रसायनाचा साठा असल्याचे कळवले. दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त शिक्षक दूध आणायला निघाले असता घसरले व त्यांच्या कोपराला मार लागला. मी त्यांना उठवायला गेलो तेव्हा ते फेसातच बसून होते. म्हणाले, "मला वाटलं मी झोपेतच आहे. ढगातून उतरतोय म्हणून निवांत उतरत होतो." त्यांना चक्कर वगैरे आली नव्हती. मी त्यांची माफी मागितली. फेस विषारी नाही. धुतल्याने जातो. निळा डाग राहिल्यास मी स्वतः घासून काढीन.

पोलीस सात वाजता आले. खोलीत ड्रम, नळ्या, युरिया, पुडी व आकड्यांची वही पाहून त्यांना जो संशय आला तो येणे साहजिक होते. मॅडमनी विचारले, स्फोटक की दारू. हवालदार ड्रममध्ये वाकून म्हणाले, "दारू असती तर वास तरी कामाचा आला असता." त्यानंतर पंप बंद करण्यात आले. खोली शांत झाली. तेवढ्या शांततेत मी त्या खोलीत कधी उभा राहिलो नव्हतो. ताई त्याच वेळी पाळीवरून परत आली आणि दारात उभी राहून तिने माझ्याकडे न पाहता ड्रमकडे पाहिले.

(वेळ अकरा वाजून अट्ठेचाळीस मिनिटे. हवेशिवाय चार तास चौतीस मिनिटे.)

मी मॅडमना विनंती केली की जबाब पूर्ण होण्याआधी झाकणे सैल करावीत व पंप लावू द्यावेत. त्या म्हणाल्या की पंचनामा झाल्याशिवाय जप्त वस्तूला कोणीही हात लावू शकत नाही. पंच दोन लागतात. एक, शेजारच्या दुकानातील शिवणकाम करणारे, आलेले आहेत. दुसरे, सायकल दुरुस्तीवाले, पंक्चर काढून येतो म्हणाले आहेत. मॅडमनी असेही म्हटले, "हे जिवंत आहेत असं तू म्हणतोस. मला तर चिखल दिसतो. मी कशावरून मानू?" माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नाही. मी फक्त टेबलावरच्या बरणीकडे बोट दाखवले. मासा बरणीत फिरत होता आणि त्याची सावली माझ्या कागदावरून जात होती. मी म्हणालो, "एकोणपन्नास दिवस तो यांनी गाळलेल्या पाण्यात आहे." मॅडमनी बरणी उचलून खिडकीसमोर धरली. पाण्यातून त्यांना पलीकडचा रस्ता दिसला असावा. बरणी त्यांनी उन्हातून काढून सावलीत ठेवली.

बारा वाजून वीस मिनिटांनी हवालदारांनी बाकाखाली वाकून पाहिले व सात नंबरचा कॅन फुगल्याचे सांगितले. मी उठलो. मला बसण्यास सांगण्यात आले. मी बसलो. मी या ओळी लिहिल्या. त्या बरोबर लिहिल्या आहेत का ते मी दोनदा तपासले. दोनदा तपासायला नको होते.

यानंतर हवालदारांनी मॅडमना एक जुनी गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी ठाण्यात अकरा शेळ्या जप्त होऊन आल्या होत्या. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत नऊ दिवस त्या मागच्या अंगणात बांधल्या. त्यांना चारापाणी ठाण्याने दिले, कारण जप्तीच्या वेळी माल ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत ठेवणे ही ठाण्याची जबाबदारी असते. "शेळी मेली असती तर साहेबांनी आपल्याला विचारलं असतं," हवालदार म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "शेळी ओरडते तरी." हवालदार म्हणाले, "हा पोरगा ओरडतोय की सकाळपासून. लिहून ओरडतोय."

मॅडमनी माझी लिहून झालेली पाने मागून घेतली आणि उभ्यानेच वाचली. मग शिपायाला सायकल दुरुस्तीवाल्यांकडे पाठवले व पंक्चर नंतर काढ असा निरोप दिला. ते बारा वाजून पन्नास मिनिटांनी आले. पंचनामा बारा मिनिटांत झाला. त्यात मॅडमनी स्वतः सांगून असे वाक्य घातले: 'आठ कॅन तपकिरी गाळ, जिवंत असल्याचे सांगण्यात येते, त्यास हवा चालू ठेवणे आवश्यक.'

बाकाशेजारी विजेची एकच जागा होती. तिला पाणी थंड करण्याचे यंत्र लावलेले होते. मॅडमनी ते काढले. दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी दोन्ही पंप चालू झाले. प्रत्येक पंपाला चार नळ्या, एकूण आठ. हवेशिवाय एकूण पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटे.

सुरुवातीला कॅनमधून आंबूस वास आला आणि शिपाई बाहेर जाऊन उभे राहिले. मी झाकणांवरून एकेक करून वास घेत राहिलो. एक वाजून चाळीस मिनिटांनी तीन नंबरला तळघराचा वास आला. त्यानंतर पाच, एक, आठ. दोन, चार आणि सहा यांना वेळ लागला, परंतु ते आले. सात नंबर आला नाही. तो मी वेगळा काढला आहे. त्याचा वास इतरांना लागू नये. सात कॅन विरजणाला पुरतात. ठाण्यात बुडबुड्यांचा आवाज सुरू झाल्यावर थोड्या वेळाने हवालदार बाकावर मान टाकून झोपले. मॅडमनी त्यांना उठवले नाही. त्या स्वतःही हात थांबवून खिडकीबाहेर पाहत होत्या. मलाही दोन मिनिटे डुलकी लागली. स्वप्न तेच होते. यावेळी पडद्यांच्या मध्ये नाना चालत होते आणि त्यांना दिसत होते.

हवालदारांनी उठून कोपऱ्यावरून पाव किलो साखर आणली. ती मी आज घालू दिली नाही. आज उपास. सोमवारी न्यायालयाचा आदेश होईपर्यंत कॅन ठाण्यात राहतील. मला हमीवर घरी जाण्यास सांगितले आहे व ठाण्यात येण्यास उद्या मनाई आहे. त्यामुळे उद्याचे माप मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आहे: सकाळी साडेपाच वाजता, प्रत्येक कॅनला दोन चमचे सपाट, मूठ नाही. ते हवालदार घालतील. मी त्यांना दोनदा समजावले. ते म्हणाले, "अरे, मी तीन मुलं वाढवली." मी तिसऱ्यांदा समजावले नाही.

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून हवालदारांनी तो मोठ्याने वाचला, मी, मॅडमनी व दाराबाहेर बसलेल्या माझ्या बहिणीने ऐकला. रंगाच्या पुडीच्या ठिकाणी बहीण दारातून म्हणाली की पुडी तिनेच दिली होती. तिचे म्हणणे लिहून घेऊ नये अशी मी विनंती केली. मॅडमनी ते लिहून घेतलेले नाही. बाकी सर्व खरे व मी सांगितल्याप्रमाणे आहे. वेळ दुपारी तीन वाजून सव्वीस मिनिटे.

पैसे कुठून आले असे विचारल्यावरून हिशेब खालीलप्रमाणे.

माझ्या खिशातून झालेला खर्च, दि. १९ जानेवारी ते आज: साखर साडेसात किलो ३३० रुपये (शेवटची मूठ धरलेली नाही). युरिया २०. माशांच्या दुकानातून दोन पंप व नळ्या ७६०. जुना ड्रम ४५०. जुने कॅन दहा, ३५०. नानांकडे जाऊन येऊन बसभाडे ३६४. एकूण २,२७४.

देणे: शिक्षकांच्या कोपराचा एक्स-रे ३५०. घरमालकिणीस जादा वीज १८० व जिना धुण्याची मजुरी १५०. साखरेच्या दुकानात वरीलपैकी दोन किलोची उधारी ८८. हवालदारांची पाव किलो साखर ११, ते घेत नाहीत, तरी लिहिले. एकूण ७७९.

येणे, ठाण्याकडून: सात कॅन जिवंत, एक कॅन रिकामा धुतलेला, वही एक, पंप दोन, मासा एक.